साडू, हमजुल्फ आणि श्विपश्वागर

जर्मनींत तीन वर्षें अभ्यासासाठीं राहून परत आलेला आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वैशाखांत आम्हांस भेटावयास आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "सर, ज्यांच्या घरीं मी राहात होतों त्या गृहस्थांनीं एके दिवशीं एका पाहुण्याची ओळख करून दिली : 'हे माझे श्विपश्वागर.' शब्द उच्चारतांच घरांतलीं सर्व माणसें हंसलीं, पाहुणाहि हंसला. एकाच शब्दानें नातें सांगून झालें आणि थट्टाहि करून झाली! आपल्या मराठींत असा एखादा शब्द आहे काय?" योगायोग असा कीं, त्या वेळीं आमच्या दिवाणखान्यांत आमचे साडू बसलेले होते. आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलें, "शब्द आहे, आणि त्याचा अर्थ तुझ्यासमोर चहा पीत आहे." सर्वजण हंसले व विषय तेवढ्यावर राहिला. परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नाला थट्टेनें उत्तर देऊन मोकळें होणें हें शिक्षकाला शोभणारें नव्हे, ही जाणीव मागाहून आम्हांस छळूं लागली. नात्यांच्या शब्दांना हंसूं कोठून येतें? आणि तें हंसूं सगळें एकाच जातीचें असतें काय? या दोन प्रश्नांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम जर्मन शब्दाकडे वळूं. 'श्वागर' म्हणजे मेहुणा, दीर किंवा बहिणीचा नवरा. हे सगळे जर्मन मनुष्य एकाच शब्दांत बसवितो. त्याच्या पुढचें माणूस, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, नवऱ्याच्या बहिणीचा नवरा, किंवा भावजयीचा भाऊ, हा झाला 'श्विपश्वागर'. यांतील 'श्विप' या तुकड्याचा संबंध झोके खाणें, हिंदकळणें या अर्थाच्या 'श्विपेन' या बोलींतील क्रियापदाशीं जोडला जातो. याच क्रियापदापासून किंचित् चढलेल्या नशेला जर्मनींत 'श्विप्स' म्हणतात. त्यामुळें सामान्य जर्मन श्रोत्याला या शब्दांत मद्याचा पेला हेलकावतांना ऐकूं आला, तर त्यांत नवल नाहीं. हें ऐकणें शास्त्राच्या दृष्टीनें अर्धें खरें आहे. हिंदकळणारें नातें आणि हिंदकळणारा मनुष्य हीं एकमेकांपासून जन्मलेलीं नाहींत. दोघांचें मूळ क्रियापद तेवढें एक.

हंसूं उपसर्गाचें असलें तरी मूळ शब्द मोठ्या कुळांतला आहे. जुन्या जर्मनींतील 'स्वागुर' हा शब्द सासऱ्याच्या 'स्वेहुर' या नांवापासून आदिस्वराची वृद्धि होऊन झाला. संस्कृतांत श्वशुरापासून श्वाशुर व्हावा तसाच. लॅटिन 'सोकेर', ग्रीक 'हेकुरोस', संस्कृत 'श्वशुर' आणि आमचा मराठी 'सासरा' हे सगळे एकाच घराण्याचे. आमच्या 'दिरा'चा देवृ ग्रीकांच्या 'दाएर'ला भेटतो, आणि दोन भावांच्या बायका ज्या 'जावा', त्यांचा संस्कृत यातृ शब्द लॅटिनांतील 'यानित्रिकेस'शीं नातें सांगतो. सासर ही संस्था किती पुरातन आहे याची यापेक्षां चांगली साक्ष मिळणें कठीण. पण हे थोर शब्दहि थट्टेंतून सुटले नाहींत. जर्मनींत एके काळीं टपालगाडीच्या सारथ्याला 'श्वागर' म्हणून हांक मारीत. गटेनें १७७४ मध्यें लिहिलेल्या एका प्रसिद्ध कवितेंत तर प्रत्यक्ष काळालाच हें संबोधन दिलें आहे. अनोळखी माणसाला सोयऱ्याच्या नांवानें हांक मारून त्याला क्षणभर आपल्या पंक्तीस बसविण्याची हौस सर्वत्र सारखीच दिसते.

आतां आमचा 'साडू'. लग्नाच्या पंक्तींत या शब्दाच्या निदान दोन व्युत्पत्ति आम्हीं ऐकल्या आहेत. एक अशी कीं, सासऱ्यानें दोन्ही मुलींना सारख्याच साड्या घेतल्या म्हणून जावई ते साडू. दुसरी व्युत्पत्ति याहूनहि विनोदी असून ती येथें सांगण्यासारखी नाहीं. पंक्तींतल्या व्युत्पत्तीला पंक्तीबाहेर प्रमाण मानूं नये. पण अलीकडे अशा कोट्या छापल्या जातात, आणि छापलेलें तें शास्त्र असा समज असलेले वाचक त्या पुढें सांगत सुटतात, हें मात्र वाईट. हिंदींत 'साढू', गुजरातींत 'साढुभाई', पंजाबींत 'सांढू' हे शब्द याच अर्थानें नांदत आहेत. ज्या शब्दाचीं भावंडें उत्तरेंत पंजाबपर्यंत पसरलीं आहेत, त्याचा जन्म एका मराठी कोटींत झाला, असें कसें मानावें?

टर्नर यांनीं १९६६ मध्यें पुरा केलेल्या हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशांत या सर्वांचें मूळ 'श्यालीवोढृ' असें दिलें आहे : श्याली म्हणजे बायकोची बहीण, आणि वोढृ म्हणजे तिला वरणारा. हा सामासिक शब्द ग्रंथांतून आढळत नाहीं. तो अनुमानानें बसविलेला आहे व म्हणून त्यापुढें कोशकारांनीं तारांकन केलें आहे. मधला लकार कोठें गेला, असा आक्षेप घेतां येईल. पण रोज तोंडांत घोळणारे नात्यांचे शब्द फार झिजतात. 'मातृष्वसा' सारखा भारदस्त शब्द झिजत झिजत 'मावशी' झाला हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला श्यालीवोढृचा साडू झालेला पाहून धक्का बसण्याचें कारण नाहीं. आणि मौज अशी कीं, खरी व्युत्पत्ति पंक्तींतल्या कोटीपेक्षां अधिक विनोदी निघाली. 'वोढृ' या शब्दाचा संस्कृतांतील मूळ अर्थ वाहून नेणारा, भारवाहक असा असून, नवऱ्याप्रमाणेंच ओझ्याच्या बैलालाहि तो लावीत. तेव्हां दोन साडू म्हणजे एकाच घरच्या जोखडाखालीं आलेली जोडी! व्युत्पत्तिशास्त्र रूक्ष आहे असें कोण म्हणतो?

याच नात्याला आमच्या शहरांत आणखी एक नांव आहे. १६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी या गांवाच्या जागीं वसविलेलें, पुढें औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आलेलें व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हें अधिकृत नांव धारण करणारें हें शहर दोन भाषांच्या सोयरिकीवर वाढलेलें आहे. अठराव्या शतकांत सिराज औरंगाबादी यांच्या गजला येथेंच रचल्या गेल्या. मौलवी अब्दुल हक यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्यें येथूनच प्रसिद्ध झाला. १९४८ पर्यंत सरकारी कचेरीचा कारभार उर्दूंत चालत असल्यामुळें जुन्या मराठी वकिलांच्या तोंडीं उर्दू शब्द सहज असत. या उर्दूंत साडूला म्हणतात 'हमजुल्फ'. 'हम' म्हणजे सम, एकच. 'जुल्फ' म्हणजे केसांची बट. अक्षरशः अर्थ, एकाच बटेचे दोघे! गजलेंत प्रियकराचें हृदय ज्या कुरळ्या बटेंत नेहमीं अडकलेलें असतें, तीच बट कौटुंबिक शब्दकोशांत येऊन बसली, आणि दोन संसारी गृहस्थांना तिनें एका पाशांत बांधून टाकिलें. शहागंजाच्या बाजारांत भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या दोघां पोक्त माणसांनीं एकमेकांना हमजुल्फ म्हणावें, यापेक्षां गजलेची गोड विटंबना दुसरी कोणती? संस्कृतानें या नात्यांत ओझें पाहिलें, फारसीनें केशपाश पाहिला, जर्मनानें हेलकावा पाहिला. तिघांनाहि हंसूं आलें, आणि तिघांचेंहि हंसूं निर्मळ आहे.

परंतु सोयऱ्यांच्या शब्दांतलें सगळेंच हंसूं असें निर्मळ नाहीं. साडूच्या शेजारींच राहणारा 'साला' हा शब्द घ्या. याची कुळी फार मोठी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत इन्द्राग्नींची स्तुति करणारा एक ऋषि त्यांना विजामात्याहून व स्यालाहूनहि अधिक देणारे असें म्हणतो. तेव्हां बायकोचा भाऊ वेदकालीं औदार्याचें उपमान होता. यास्काचार्यांनीं निरुक्तांत या शब्दाच्या दोन व्युत्पत्ति सांगितल्या आहेत. पहिलीप्रमाणें, संबंधानें जो जवळ आला तो स्याल. दुसरी अधिक मनोहर आहे : 'स्य' म्हणजे सूप, त्यांतून 'लाजा' म्हणजे लाह्या जो ओततो तो स्याल. आजचें भाषाशास्त्र ही फोड मानणार नाहीं. परंतु यास्कांच्या डोळ्यांसमोर जें दृश्य होतें, तें आमच्याहि डोळ्यांसमोर आहे. लाजाहोमाच्या वेळीं बहिणीच्या ओंजळींत लाह्या घालणारा भाऊ आजहि आमच्या लग्नांत उभा असतो. शिवाय महाराष्ट्रांत त्याला आणखी एक अधिकार आहे : कानपिळीचा. नवऱ्या मुलाचा कान पिळून, बहिणीला नीट वागव अशी त्यास जणूं समज देऊन, तो आपला मान घेतो.

असा हा लाह्या ओतणारा, कान पिळणारा भाऊ पुढें विनोदाचा विषय कसा झाला? उत्तर नाट्यवाङ्मयांत सांपडतें. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शकार हा राजाचा श्यालक. आपली बहीण राजाच्या घरांत आहे एवढ्या बळावर तो न्यायाधीशाला पदावरून काढविण्याची धमकी देतो, आणि रामायण-महाभारतांतील पात्रांची भेसळ करून आपल्या विद्वत्तेचें प्रदर्शन करितो. देवलांच्या नाटकामुळें तो मराठी प्रेक्षकांच्या घरचाच झाला. शाकुन्तलाच्या सहाव्या अंकांत कोळ्याला पकडून आणणारा नगररक्षकांचा अधिकारीहि राजाचा श्यालच. अमरकोशांत तर नाट्यांतील राजश्यालाला 'राष्ट्रिय' असें नांव दिलें आहे. या शब्दाचा आजचा अर्थ मनांत आणून वाचकांनीं हवें तितकें हंसावें. येथपर्यंतचें हंसूं योग्यच आहे. कारण तें सत्तेच्या आश्रयानें माजलेल्या मनुष्याला हंसतें.

पण बाजारांतला 'साला' शकाराला उद्देशून नसतो. तो कोणालाहि उद्देशून असतो, आणि त्याचा आशय, बोलणाऱ्याच्या ध्यानांत असो वा नसो, एवढाच असतो कीं, 'तुझी बहीण माझ्या घरांत आहे.' हिंदींतील 'ससुरा' या शिवीचाहि हाच आशय, फक्त बहिणीच्या जागीं मुलगी. दीर, जाऊ, नणंद हीं वरपक्षाचीं नांवें. यांतील एकाचीहि शिवी झाली नाहीं. जो मुलगी देतो त्याच्याच नांवाची शिवी होते, घेणाऱ्याच्या नांवाची होत नाहीं. ऋग्वेदांत जो देण्याबद्दल गौरविला गेला, तो देण्याबद्दलच हीन ठरला!

आमच्या बहिणीच्या लग्नांत कान पिळण्याचा मान आमच्याकडे होता. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. कान पिळला, शेला मिळाला, मंडप हंसला. संध्याकाळीं वरपक्षाकडील एका पोक्त गृहस्थांनीं भर बैठकींत, "अहो साले, पाणी आणा," अशी आम्हांस हांक मारिली व पुन्हां सर्व मंडळी हंसली. आम्हीहि हंसलों. आमच्या वडिलांना मात्र हंसूं आलें नाहीं; ते उठून स्वतः पाणी घेऊन आले. सकाळचें व संध्याकाळचें हंसूं एक नव्हतें, हें समजावयास आम्हांस पुढें बरींच वर्षें लागलीं.

या दोहोंमध्यें आणखी एक तिसरें हंसूं आहे, तें जावयासंबंधीचें. जावयाला नवग्रहांच्या पुढचा दहावा ग्रह म्हणण्याची संस्कृत पंडितांपासून चालत आलेली थट्टा सर्वांच्या परिचयाची आहे. ही थट्टा मुलीचा बाप करितो, आणि ती जावयाच्या पाठीमागें करितो. तोंडावर त्याला पाट-पाणी, मानपान व धोंड्याच्या महिन्यांतील वाण. म्हणजे साल्याला वरून खालीं हंसतात, जावयाला खालून वर हंसतात, आणि साडूला तेवढें समोरासमोर हंसतात. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानें १९४० मध्यें 'थट्टेचीं नातीं' या विषयावर एक प्रख्यात निबंध लिहिला. ज्या सोयऱ्यांमध्यें जवळीक व दुरावा हीं दोन्हीं एकाच वेळीं असतात, तेथें समाज भांडण टाळण्यासाठीं थट्टेला परवानगी देतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. तें आम्हांस पटतें. परंतु थट्टा करण्याची परवानगी दोन्ही पक्षांना सारखी आहे कीं नाहीं, हें प्रत्येक ठिकाणीं पाहिलें पाहिजे. ज्याची थट्टा झाली त्याला त्याच शब्दानें ती परत करितां येते काय? साडू साडूला 'साडू' म्हणूं शकतो. श्विपश्वागर श्विपश्वागराला तसेंच. मेहुण्यानें 'साला' म्हटल्यावर साल्यानें काय म्हणावें, याची सोय भाषेनें केलेली नाहीं. विनोदी लेखनाची परीक्षा करणाऱ्यांनीं ही कसोटी जवळ बाळगावी, अशी आमची सूचना आहे. आमच्या नाटकांतून व चित्रपटांतून सोयऱ्यांवर जे विनोद होतात, त्यांतील किती या कसोटीला उतरतील हें वाचकांनींच ठरवावें.

नात्यांचे शब्द म्हणजे समाजाचीं जुनीं कागदपत्रें होत, ही दृष्टि मराठींत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं दिली. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ति आज टिकत नाहींत. दृष्टि मात्र टिकली आहे. आमचा 'मेहुणा' मिथुन शब्दाच्या कुळांतला. जेवावयास बोलाविलेलें जोडपें जें 'मेहूण', त्याचा तो भाऊबंद. प्राकृतांत 'मेहुणिआ' म्हणजे बायकोची बहीण आणि मामाची मुलगीहि. दोन अर्थ एका शब्दांत कां? कारण मामाची मुलगी करण्याची चाल. ज्या घरांत ही चाल आज कोणाला आठवतहि नाहीं, त्या घरांतल्या आजीबाई आपल्या सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत असत. मामाच्या मुलीची सासू म्हणजे तिच्या बापाची बहीण, अर्थात् आत्या. आणि आत्याचा नवरा तो मामा. चाल गेली, हांक राहिली. इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या आपल्या ग्रंथांत भारतीय नातेसंबंधांची जी मांडणी केली, तींत अशा शब्दांच्या साक्षीला मोठें स्थान आहे.

आणि आतां हे साक्षीदार एकामागून एक कोर्टांतून निघून चालले आहेत. आमच्या वर्गांतील मुलें दीर, मेहुणा, साडू व बहिणीचा नवरा या चौघांना सरसकट 'ब्रदर-इन-लॉ' म्हणतात. आणि ज्यांना साडू निराळा दाखवावासा वाटतो तीं 'को-ब्रदर' म्हणतात. हा 'को-ब्रदर' इंग्लंडांत कोणाला कळणार नाहीं. तो इकडेच तयार झालेला माल आहे, आणि खरें पाहतां तो 'हमजुल्फ'चाच केस कापलेला अवतार! त्याची आम्हांस फारशी चीड येत नाहीं. चिंता वाटते ती 'इन-लॉ' या पुच्छाची. हा 'लॉ' म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाचा कायदा. कोणाशीं विवाह निषिद्ध आहे हें सांगण्यासाठीं त्या कायद्यानें बायकोच्या बहिणीला बहीण ठरविलें, आणि मृत पत्नीच्या बहिणीशीं विवाह करण्याची मोकळीक इंग्लंडांत १९०७ च्या कायद्यापर्यंत मिळाली नाहीं. इंग्रजी शब्द निषेधांतून जन्मला आहे. आमचा साडू जन्मला तो दोन बहिणींच्या येण्याजाण्यांतून.

येथेंच या शब्दाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. पुरुषांच्या इतर नात्यांत कूळ आहे, गोत्र आहे, इस्टेट आहे. दोन साडूंमध्यें यांपैकीं कांहींहि नाहीं. त्यांना एकमेकांकडून घ्यावयाचें नाहीं, द्यावयाचें नाहीं. जावांना एका चुलीपाशीं जसा संसार रेटावा लागतो, तसा त्यांना एका छपराखालीं राहावयाचाहि प्रसंग नाहीं. दोन बहिणींना एकमेकींची आठवण येते, एवढाच त्यांच्यांतला दुवा. आपल्या पुरुषप्रधान शब्दसंपत्तींत जें नातें सर्वस्वी दोन स्त्रियांच्या मायेवर उभें आहे, तें हेलकावणारें, विनोदी, जवळजवळ खोटें असें मानलें जावें, यांतच आपल्या हिशेबाची चूक उघडी पडते.

आमच्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं निघतांना आमच्या साडूंना नमस्कार केला आणि, "मावशींना नमस्कार सांगा," असें म्हटलें. त्याला ठाऊक नव्हतें. आमच्या पत्नीची ती धाकटी बहीण जाऊन तीन वर्षें झालीं. साडूंनीं "सांगतों" म्हणून त्याची पाठवणी केली, आणि खुर्चीवर बसून राहिलेला चहा संपविला. ते दर रविवारीं येतात. कशाच्या आधारानें येतात, असें त्यांना कधीं कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें तर दोघांनाहि कायदा सांगतां येणार नाहीं. शब्द तेवढा सांगतां येईल.